गोटी, वाळू आणि लोणारचे विवर

लोणारचे विवर कसे तयार झाले हे शिकवताना अनेक शिक्षक एक सोपा प्रयोग करून दाखवतात. परातीत वाळू पसरायची, वर रांगोळीचा पातळ थर द्यायचा आणि उंचावरून गोटी सोडायची. खड्डा पडतो, भोवती कड उठते, रांगोळी चहूकडे उडते. खर्च जवळजवळ काहीच नाही. शिवाय उंची बदलून खड्ड्याची रुंदी मोजता येते, नोंदी ठेवता येतात, आलेख काढता येतो. हे सर्व गुण आम्हाला मान्य आहेत. तरीही या प्रयोगाची कसून तपासणी व्हायला हवी, कारण त्याच्या उणिवांचा भार शेवटी वर्गात एकट्या उभ्या असलेल्या शिक्षकावर पडतो.

प्रयोग संपला की एखादा मुलगा किंवा मुलगी विचारतेच : "गोटी तर खड्ड्यातच आहे. मग लोणारचा दगड कुठे आहे?" प्रश्न अस्सल आहे. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या विवरापाशी १८९१ मध्ये गिल्बर्ट या नामवंत भूवैज्ञानिकालाही तो पडला होता. जमिनीखाली लोखंडाचा प्रचंड गोळा असल्याची खूण मिळेना, म्हणून ते विवर वाफेच्या स्फोटाने झाले असावे असे त्याने ठरवले. पुढे ते विवर आघातानेच झाल्याचे सिद्ध झाले. आपल्या शिक्षकाजवळ मात्र हस्तपुस्तिकेतील 'साहित्य, कृती, निष्कर्ष' एवढेच असते. तो म्हणतो, "तळाच्या गाळात रुतला असेल." यात त्याचा दोष नाही. गोटीच्या प्रयोगातून निघणारे उत्तर हेच आहे.

चूक नेमकी कुठे होते, हे नववीचा विद्यार्थीही गणिताने काढू शकेल. एक मीटर उंचीवरून सोडलेली गोटी वाळूवर सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने आदळते. उल्कापाषाण सेकंदाला २० किलोमीटर वेगाने आला असे धरू. वेग सुमारे साडेचार हजार पट झाला. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रत्येक किलोग्रॅममागे ती सुमारे दोन कोटी पट झाली. एवढ्याच वजनाच्या टीएनटी स्फोटकापेक्षा ही ऊर्जा जवळजवळ ५० पट आहे. गोटी वाळू फक्त बाजूला सारते. उल्कापाषाणाच्या आघाताने मात्र स्फोट होतो. त्यात पाषाणाचा बहुतांश भाग वितळतो, त्याची वाफ होते, आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर खोदले जाते ते धक्कालहरीने.

गोल आकाराबद्दलही हा प्रयोग मुलांची फसगत करतो. गोटी सरळ खाली पडली म्हणून खड्डा गोल झाला, असे मुले धरून चालतात. गोटी तिरपी फेकून पाहावी. खड्डा लांबट होतो. उल्कापाषाण तिरपा आला तरी विवर बहुधा गोलच होते, कारण धक्कालहर सर्व दिशांना पसरते. लोणारचा पाषाणही तिरपा आला असावा, असे काही संशोधकांचे मत आहे.

मग दगड सापडत नसताना आघात झाला हे कशावरून? १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी लोणारच्या खडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेसाल्टमधील प्लॅजिओक्लेज हे खनिज न वितळता, केवळ प्रचंड दाबाने काचेसारखे झालेले त्यांना आढळले. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही. पुरावा आहे तो दगडाने मागे ठेवलेल्या या खुणांचा.

म्हणून प्रयोग टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. प्रयोगानंतर फळ्यावर दोन रकाने आखावेत : 'कुठे जुळते' आणि 'कुठे जुळत नाही'. दुसरा रकाना मुलांनी भरावा. हा अर्धा तास पहिल्या अर्ध्या तासाइतकाच मोलाचा आहे.

पण हा दुसरा रकाना शिक्षकाने एकट्याने शोधून काढावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. हस्तपुस्तिकेतच प्रत्येक प्रतिकृतीची मर्यादा छापलेली हवी. तसेच वर्गातले प्रश्न पुस्तिका लिहिणाऱ्यांपर्यंत परत गेले पाहिजेत. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षक दर महिन्याला एकत्र बसत, फसलेले प्रयोग आणि मुलांचे प्रश्न मांडत, आणि त्यांच्या अनुभवातून पाठ्यपुस्तके सुधारली जात. आपल्याकडेही केंद्र पातळीवर शिक्षण परिषदा होतात. तिथे परिपत्रकांच्या वाचनाआधी अर्धा तास मुलांच्या अनुत्तरित प्रश्नांसाठी राखून ठेवावा. संशोधकांनीही तिथे जाऊन बसावे, भाषण देण्यासाठी नव्हे तर प्रश्न ऐकण्यासाठी. "मला माहीत नाही, शोधून सांगतो" असे वर्गात निर्धास्तपणे म्हणायचे, तर शोधायला जाण्याची एखादी जागा शिक्षकाला असावी लागते.