थांबणं गेलं कुठे? एजॅक्सच्या धड्याविषयी काही तक्रारी

आम्ही बोलतो ते जवळपास जसंच्या तसं उतरवलं जातं, तेव्हा वाक्य कुठे तुटलं तर सांभाळून घ्या.

आज टीका करायची आहे ती एका धड्यावर. वेब प्रोग्रामिंगच्या जवळजवळ प्रत्येक क्लासात, गाईडात आणि व्हिडिओमालिकेत तो असतो. अख्खं पान पुन्हा लोड न करता सर्व्हरकडून माहिती मागवायची आणि पानाचा तेवढाच तुकडा बदलायचा, असा तो धडा. मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर आणि आयटीवाल्या मुलांनी जर्नलमध्ये हे प्रॅक्टिकल लिहिलेलं असतं. एक बटण, एक रिकामा चौकोन. बटण दाबलं की चौकोनात मजकूर येतो. सर म्हणतात, बघा, पान हललं नाही! सही होते, धडा संपतो. आमचं म्हणणं असं की धडा खरा तिथून सुरू व्हायला हवा होता.

आधी थोडा इतिहास. 'एजॅक्स' हे नाव जेसी जेम्स गॅरेट यांनी १८ फेब्रुवारी २००५ रोजी एका निबंधात दिलं. तंत्र मात्र जुनंच होतं. मायक्रोसॉफ्टने आउटलुक ब्राउझरमध्ये चालावं म्हणून त्याचा गाभा तयार केला आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत घातला. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आलं. गॅरेटच्या निबंधाच्या दहाच दिवस आधी गूगल मॅप्स आलं. नकाशा बोटाने, म्हणजे तेव्हा माउसने, ओढला की पुढचा भाग आपोआप भरत जायचा. लोक थक्क झाले होते. हे सगळं ज्यात बसेल असं एक नाव हवं होतं, ते गॅरेटने दिलं. त्याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे, कारण ज्याला नाव नाही ते शिकवता येत नाही.

पण त्याच निबंधात एक मोठं आश्वासन होतं. वापरणाऱ्याने रिकाम्या खिडकीकडे आणि वाळूच्या घड्याळाकडे बघत बसायची वेळ आता संपली, अशा अर्थाचं. सोबत दोन आकृत्या होत्या. जुन्या पद्धतीत माणसाचं काम तुटक तुटक, नव्या पद्धतीत सलग रेघ. सुंदर आकृती आहे ती. आमची पहिली तक्रार तिच्याबद्दल आहे. थांबणं संपलेलं नाही, फक्त दिसेनासं झालंय.

बघा, जुन्या पानात थांबणं ब्राउझर दाखवायचा. कोपऱ्यात काहीतरी फिरायचं. नेट गेलं तर 'पान उघडता येत नाही' असं ब्राउझरच सांगायचा. मागे जायला बटण होतं, पत्ता बदललेला दिसायचा. हे सगळं प्रोग्रामरला फुकटात मिळत होतं. एजॅक्स वापरलंत की ही कामं ब्राउझरच्या अंगावरून निघून तुमच्या अंगावर येतात. वाट बघतोय हे तुम्ही सांगायचं, बिघडलं हे तुम्ही सांगायचं, मागे जायची सोय तुम्ही करायची. ज्याला स्क्रीन दिसत नाही, जो स्क्रीन रीडरवर ऐकतो, त्याला पानाचा तुकडा बदलल्याचं कळावं म्हणून 'एरिया-लाइव्ह' ही खूणही तुम्हीच लावायची. धड्यात यातलं काय असतं? बहुतेक ठिकाणी काहीच नाही.

दुसरी तक्रार दाखल्याबद्दल. असिंक्रोनस म्हणजे काय हे सांगताना सगळे हॉटेलात जातात. वेटरला ऑर्डर दिली, तो आत गेला, आपण गप्पा मारत बसलो. दाखला चुकीचा नाही, पण त्यात आपण टेबलाशी बसूनच राहतो. आपल्याकडे याहून चांगला दाखला घराघरात आहे. दळण. गिरणीत डबा ठेवला, चिठ्ठी लावली, तोवर भाजी आणली, येताना पीठ उचललं. गिरणीपाशी उभं राहावं लागत नाही, हे झालं असिंक्रोनस.

आणि गिरणीत अजून एक गोष्ट असते, ती हॉटेलच्या दाखल्यात येत नाही. गिरणीवाला नंबरानेच दळतो असं नाही. आधी गव्हाचे सगळे डबे, मग ज्वारी-बाजरी. तुमची बाजरी आधी आली असली तरी शेजारणीचा गहू आधी निघतो. म्हणून डब्यावर चिठ्ठी लागते. चिठ्ठी नसेल तर कुणाचं पीठ कुणाच्या घरी जाईल याचा भरवसा नाही.

हे नुसतं गमतीचं नाही, धड्यातली सर्वांत मोठी गळती इथेच आहे. उदाहरण कुर्ल्याचंच घेऊ. समजा, ठिकाण शोधायचा एक चौकोन बनवला. टाइप करता करता खाली नावं सुचतात. 'कुर्ला' लिहायचंय. आपल्याला अक्षरं दोन दिसतात, पण कॉम्प्युटरच्या हिशोबात ते सहा तुकडे आहेत: क, उकार, र, हलन्त, ल, काना. प्रत्येक तुकड्यागणिक सर्व्हरकडे एक विचारणा जाते. 'कुर' एवढं झालं की यादीत दोन नावं येतात, मालाडचं कुरार आणि आपलं कुर्ला. युनिकोडच्या क्रमाने लावलं तर कुरार वर येतं, कारण काना हलन्ताच्या आधी येतो. पुढे हलन्त पडला की कुरार गळतं, एकटं कुर्ला उरतं. इथपर्यंत छान.

आता 'कुर' या विचारणेचं उत्तर वाटेत रेंगाळलं, नि 'कुर्ला'चं उत्तर आधी पोचलं. यादीत कुर्ला दिसलं. अर्ध्या सेकंदाने ते जुनं उत्तर आलं आणि त्याने यादी पुसून पुन्हा कुरार वर आणून ठेवलं. चौकोनात कुर्ला, यादीत पहिलं कुरार. माणूस घाईत एंटर मारतो आणि पोचतो मालाडला. [हशा]

प्रोग्राममध्ये एकही ओळ चुकलेली नाही. जर्नलमधल्या प्रोग्रामसारखाच तो आहे, फक्त डब्याला चिठ्ठी नाही. उत्तर आल्यावर 'हे शेवटच्या विचारणेचंच आहे ना' एवढं विचारायचं होतं. किंवा नवी विचारणा पाठवताना जुनी रद्द करायची होती. ब्राउझरमध्ये त्याची सोय आहे, 'अबॉर्टकंट्रोलर' म्हणतात. आणि प्रत्येक कळीला धावत सुटण्यापेक्षा बोटं जरा थांबली की मगच विचारायचं. मराठीसाठी हे जास्तच लागू आहे, कारण दिसणाऱ्या एका अक्षरात आपल्या दोन-तीन कळा असतात.

तिसरी तक्रार अपयशाबद्दल. जुन्या गाईडात एक मंत्र असतो: रेडीस्टेट चार, स्टेटस दोनशे. दोन्ही जुळलं तर चौकोनात मजकूर घाला. मुलं हा मंत्र पाठ म्हणतात. आम्ही विचारतो, नाही जुळलं तर? वर्गात शांतता. 'तर'ची ओळ लिहिलीय, 'नाहीतर'ची नाही. नवीन गाईडांनी 'फेच' आणलं, लिहायला सोपं झालं. पण त्यातली एक मेख फारच थोडे जण सांगतात. सर्व्हरने 'पान नाही' म्हणजे चारशे चार, किंवा 'माझंच काहीतरी बिघडलंय' म्हणजे पाचशे असं उत्तर दिलं, तरी फेचच्या लेखी ते यशच असतं. उत्तर आलं ना, झालं. नेट तुटलं वगैरे झालं तरच ते अपयश मानतं. म्हणून 'ओके' आहे का, हे आपण वेगळं तपासावं लागतं. नाही तपासलं तर चुकीचा निरोपही खरं उत्तर म्हणून पानावर चढतो.

हे आम्ही एवढं ताणून का सांगतोय? घरातली एक गोष्ट सांगतो. प्रवेशाची फी ऑनलाइन भरायची होती, शेवटचा दिवस. संस्थेचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. फोनवर फॉर्म भरला, 'भरा' दाबलं. काही हललं नाही. ना चक्र, ना निरोप, बटण तसंच. घरच्यांनी काय करावं? पुन्हा दाबलं. पैसे दोनदा कापले गेले. परत मिळाले, पण कितीतरी आठवड्यांनी, आणि त्या आठवड्यांत घरात जी बोलणी झाली ती बटण दाबणाऱ्या पोरीला खावी लागली. 'तुला धड फॉर्म भरता येत नाही.' तिची काहीएक चूक नव्हती. पहिली विचारणा पोचली होती, फक्त तिला ते कुणी सांगितलं नाही.

ज्याने तो फॉर्म लिहिला तोही असाच धडा शिकून आला असणार. पान हललं नाही म्हणून त्याला शाबासकी मिळाली असेल. इथे पान हललं नाही म्हणूनच घात झाला. बटण लगेच बंद करून 'पाठवतोय, थांबा' एवढं लिहायचं होतं. तेवढ्यानेही भागत नाही, कारण माणूस पान बंद करून पुन्हा उघडू शकतो. म्हणून सर्व्हरनेही प्रत्येक भरण्याला एक खूण द्यायला हवी, तीच खूण दुसऱ्यांदा आली तर पैसे पुन्हा घ्यायचे नाहीत. पुन्हा चिठ्ठीच बघा.

आता दुसरी बाजू. आमचे शिक्षक मित्र म्हणतात, पोरांना आधी काहीतरी चालताना दिसू द्या. पहिल्याच तासाला अपयश, क्रम, खुणा सांगत बसलात तर दुसऱ्या तासाला कुणी येणार नाही. बरोबर आहे. आमच्या रविवारच्या वर्गातही पहिला अर्धा तास फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडली म्हणून काही चालत नाही, सर्व्हर सुरू करून पत्त्यावरून उघडावी लागते, हे समजण्यातच जातो. तेव्हा पहिल्या दिवशी बटण आणि चौकोन, जरूर. आमची हरकत आहे ती तिथेच सही करून मोकळं होण्याला. हे सगळं 'पुढचं' म्हणून बाजूला ठेवलं जातं आणि ते पुढचं कधीच येत नाही, कारण परीक्षेत ते विचारत नाहीत.

आणि लॅबमध्ये चूक दिसतच नाही, हेही आहे. सर्व्हर आणि ब्राउझर एकाच मशीनवर, उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत. बाहेर तसं नसतं. कुर्ला पश्चिमेहून शेअर रिक्षात बसून बीकेसीला जाणारा माणूस, गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने फोन धरलेली बाई, यांच्या नेटवर तुमचं पान चालायचंय.

म्हणून प्रत्येक धड्याला जोडाव्यात अशा तीन गोष्टी आम्ही सुचवतो. खर्च शून्य. पहिली, सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये मुद्दाम पाच सेकंद झोप घाला आणि त्या पाच सेकंदांत पान काय सांगतं ते बघा. दुसरी, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडा, वेग कमी करा, मग ऑफलाइन करा, आणि बटण दाबा. तिसरी, शेजारच्या मुलाला फोन द्या, काही सांगू नका, आणि तो तेच बटण कितीदा दाबतो ते मोजा. तिसऱ्या प्रयोगात आमच्या वर्गात सगळ्यात जास्त शिकणं होतं. आपण लिहिलेल्या बटणावर दुसऱ्याला वैतागताना बघितलं की 'नाहीतर'ची ओळ सांगावी लागत नाही, पोरं स्वतः लिहितात.

गॅरेटचा निबंध आजही वाचण्यासारखा आहे. नावातलं एक्सएमएल केव्हाच मागे पडलं, त्याची जागा जेसनने घेतली, तरी ती सलग रेघेची आकृती टिकून आहे. ती वर्गात जरूर काढा. फक्त त्या रेघेच्या खाली वाट बघणारा माणूसही काढा, आणि त्याला काय दिसतंय ते मुलांना विचारा. जर्नलवर सही त्यानंतर करा.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने विचारा, म्हणजे उतरवणाऱ्यांना ऐकू येईल.