चुलीखालचा खजिना

क्राकोव शहरात येकेलचा मुलगा आयसिक नावाचा एक गरीब माणूस राहत असे. त्याला पुन्हा पुन्हा एकच स्वप्न पडे : प्रागला जा, राजवाड्याकडे जाणाऱ्या पुलाखाली खजिना पुरला आहे, तो काढ. तिसऱ्यांदा तेच स्वप्न पडले तेव्हा बिचारा पायी निघाला. पाहतो तो पुलावर रात्रंदिवस पहारा! खणण्याची सोय नाही. रोज सकाळी यावे आणि संध्याकाळपर्यंत घुटमळावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. अखेर पहाऱ्याच्या नायकाने विचारपूस केली, तेव्हा त्याने भोळेपणाने सारे सांगून टाकले. नायक खो खो हसला. "अरे, स्वप्नावर भरवसा ठेवायचा तर मला क्राकोवला जावे लागले असते! तिथे कुणा येकेलच्या आयसिकच्या चुलीखाली खजिना आहे म्हणे. त्या गावचे अर्धे यहुदी आयसिक आणि अर्धे येकेल. किती घरे खणू?" आयसिकने त्याला नमस्कार केला, घर गाठले आणि आपली चूल उकरली.

ही गोष्ट मार्टिन बूबर (1878–1965) यांच्या 'माणसाची वाट' या छोट्याशा पुस्तकात शेवटी येते. 1947 साली हॉलंडमध्ये दिलेल्या व्याख्यानांतून ते सिद्ध झाले. प्रकरणे अवघी सहा. अठराव्या शतकात पूर्व युरोपात बाल शेम तोव यांच्यापासून सुरू झालेल्या हसिदी पंथाच्या गोष्टी सांगत माणसाने जगावे कसे, एवढेच बूबर बोलतात. या गोष्टी ज्या गावांत जन्मल्या, तिथली यहुदी वस्ती नाझींनी नुकतीच नाहीशी केली होती, आणि बूबर स्वतः 1938 साली जर्मनी सोडून जेरुसलेमला गेले होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे या पुस्तकाच्या शांत सुराचे मोल कळते.

या गोष्टींच्या मुळाशी एक गूढ विचार आहे. सोळाव्या शतकात साफेद गावी आयझॅक लुरिया यांनी तो मांडला. ईश्वरी प्रकाश ज्या पात्रांत ओतला ती फुटली, त्याच्या ठिणग्या सृष्टीत विखुरल्या. त्या वेचून फुटलेले सांधणे हे माणसाचे काम. हसिदी गुरूंनी हा अवघड सिद्धान्त बाजारात आणि स्वयंपाकघरात आणला. ठिणगी सर्वत्र असेल तर ती भाकरीतही आहे, जोड्याच्या टाक्यातही आहे!

बूबर यांची निवड मार्मिक आहे. झुस्या नावाचे गुरू म्हणत की, परलोकी मला 'तू मोझेस का झाला नाहीस' असे कोणी विचारणार नाही; 'तू झुस्या का झाला नाहीस' असे विचारतील. शेजाऱ्याच्या मुलाचे गुण आपल्या मुलाला ऐकवणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट जरूर वाचावी. पण खरी खुबी आहे ती प्रकरणांच्या क्रमात. चौथे प्रकरण सांगते, सुरुवात स्वतःपासून करा. पाचवे लगेच बजावते, स्वतःतच गुंतून पडू नका. आत्मोन्नतीची जी पुस्तके हल्ली ढिगांनी निघतात, ती बहुधा चौथ्या पायरीवरच मुक्काम ठोकतात.

इतके असूनही या पुस्तकावर एक गंभीर आक्षेप आहे. तो घेतला आहे यहुदी गूढविद्येचे थोर अभ्यासक गेरशोम शोलेम यांनी. 1961 साली त्यांनी लिहिले की, बूबर केवळ दंतकथांवर विसंबतात. पंथाचे तात्त्विक ग्रंथ बाजूला ठेवतात. त्या ग्रंथांतला साधक वस्तूवर प्रेम करीत नाही. तिच्यातली ठिणगी काढून घेऊन तो वस्तूच्या पलीकडे जातो. बूबर यांनी 1963 साली उत्तर दिले. त्यांच्या मते पंथाचे जिवंत रूप गोष्टींतच उरले आहे.

इतिहासापुरते पाहिले तर शोलेम यांचे पारडे जड वाटते. शिवाय आणखी एक उणीव आहे. बूबर धर्मशास्त्राचे नियम, उपासना, खाण्यापिण्याचे निर्बंध यांना फारसे महत्त्व देत नाहीत. त्या हसिदांचा दिवस मात्र त्यांतच बांधलेला होता. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींचे उदाहरण पाहा. जहाज फुटून त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ती मंडळी तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ठिणग्यांचा सिद्धान्त त्यांना कोणी शिकवला नव्हता. आठवड्यातून एक दिवस बैल सोडायचा, एवढा नेम त्यांनी पाळला आणि त्यांची ओळख त्या नेमावर टिकली. आचाराची ही दोरी सोडली की गूढ विचार नुसते सुभाषित होऊन बसतो.

आपल्याकडचा वाचक सावता माळ्याची आठवण काढून 'आमच्या संतांनी हेच सांगितले' म्हणेल. साम्य आहे, पण तेवढ्यावर पुस्तक मिटू नये. फुटलेल्या पात्राची कल्पना निराळी आहे. तिथे देवाचे कामही माणसावाचून अडले आहे.

मग हे पुस्तक वाचावे की नाही? अवश्य वाचावे, पण पंथाचा इतिहास म्हणून वाचू नये. आयसिकच्या गोष्टीचा शेवट पाहावा : त्या पैशातून त्याने प्रार्थनामंदिर बांधले. क्राकोवमध्ये 1644 साली पुरे झालेले आयझॅकचे मंदिर आजही आहे, आणि लोककथा या गोष्टीचा संबंध त्याच्याशी जोडते. घरात सापडलेले धन घरातच ठेवायचे नसते, हा त्यातला बोध. नुसती चूल उकरून थांबणाऱ्याला तो कळणार नाही.