विहिरीवर दहा ओळी

नवोदित लेखकांसाठी शनिवार-रविवारचं निवासी शिबिर, निसर्गाच्या सान्निध्यात, कर्जतच्या पुढं एका शेतघरावर. मी जाऊन आलो. फी भरली, मिलमध्ये शनिवारचा खाडा पडला, तेव्हा बोलायचा हक्क मला पोचतो. नाव घेत नाही. अशी शिबिरं आता ढीगभर निघतात आणि मामला थोड्याफार फरकानं तोच असतो.

पहिला तास विहिरीचा. काठावर बसा, डोळे मिटा, दहा ओळी लिहा. वाचन झालं तेव्हा बहुतेकांच्या विहिरीत आजोळ निघालं, पोहरा निघाला, गार पाणी निघालं. माझ्या वहीत एकच ओळ होती : ही विहीर कुणाची? मार्गदर्शक हसले. म्हणाले, प्रश्न नको, अनुभव लिहा. अहो, हाच तर अनुभव! माझ्या आज्जीला गावच्या विहिरीत पोहरा सोडता येत नव्हता. वरून कुणी ओतलं तर घागर भरायची, नाहीतर बस उन्हात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागं हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली, ती काय प्रतिमा शोधायला गेली होती?

लेखकाला शांतता लागते आणि ती खेड्यात मिळते, हे या मंडळींनी धरूनच चाललेलं. खेड्याचे गोडवे गाणारांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत चांगलंच झाडलं होतं. ते यांच्या वाचनात नसावं, किंवा असून उपयोग नसावा. गावातली ती शांतता कुणाला गप्प बसवून झाली होती, हे आपल्या घरात म्हातारी माणसं अजून सांगतात.

दुपारी वास लिहायला दिला. मी माहुल लिहिलं. तानसा पाइपलाइनवरची घरं मोडून २०१७ साली माणसं इथल्या इमारतींत आणून टाकली, समोर रिफायनरी. इथली हवा खराब आहे हे हरित लवादानं २०१५ सालीच म्हटलं होतं, तरी आणली. मग २०१९ साली हायकोर्टानं सरकारला सांगितलं, यांना दुसरीकडं राहायला महिना १५ हजार भाडं द्या. हे सगळं मी कवितेत कोंबलं. मार्गदर्शक म्हणाले, ही तक्रार झाली, कविता नाही.

राग आला. आता वाटतं, माणूस अर्धा बरोबर होता. माझ्या एका ओळीत ‘विषारी’, ‘भयाण’, ‘जीवघेणा’ असे तीन शब्द होते आणि वास कुठंच नव्हता. शेजारी बसलेल्या एका बाईंनी साधं विचारलं, पण वास येतो कशाचा? मला सांगता येईना. रात्री खिडकी लावून घेतली तरी उशीला येतो, सकाळी चहाच्या पहिल्या घोटात येतो, हे मला घरी परतल्यावर सुचलं. बाईंचा तो प्रश्न मात्र फीच्या मोलाचा. आपल्या बैठकीत असं कोण विचारतं? कविता वाचली की जयभीम, टाळ्या, ‘जबरदस्त’. ओळ ढिली असली तरी कुणी बोलत नाही, कारण बोललं तर चळवळीचा अपमान होतो म्हणे! आपली पोरं पैसे भरून कर्जतला जातात त्याला हेही कारण आहे.

१९७२ ला ‘गोलपिठा’ आला. त्याची प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले, अडलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनाच विचारले. ढसाळांना कुणी विहिरीवर नेऊन बसवलं नाही. पंतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’च्या मेळाव्यांत लेखक-वाचक एकाच मांडवात बसायचे. अशा जागा आपल्याकडं होत्या. आपण त्या चालवायच्या सोडून दिल्या आणि आता निसर्गाच्या नावानं बोटं मोडतो.

मागच्या रविवारी आमच्या इमारतीच्या गच्चीवर सहा जण जमलो. फी नव्हती, चहा खालून आणला. नियम एकच होता : छान म्हणायचं नाही, अडलं तिथं थांबवायचं. मी माहुलची कविता पुन्हा वाचली. बारावीतल्या एका पोरीनं मला चार ठिकाणी थांबवलं. एकेचाळीस ओळींतल्या अकरा राहिल्यात. विहिरीची ओळ अजून एकच आहे, तिच्यापुढं काही सुचत नाही.