भाड्याची आपुलकी

नग्न चित्रांच्या व्यापाराचें नांव निघतांच सुशिक्षित वाचक नाक मुरडून पान उलटतो. परंतु लंडन येथें २०१६ सालीं स्थापन झालेलें ‘ओन्लीफॅन्स’ हें संकेतस्थळ मुख्यतः अशाच चित्रांच्या वर्गणीवर चालतें, आणि २०२३ च्या हिशेबी वर्षांत गिऱ्हाइकांनीं तेथें सुमारें ६६० कोटी डॉलर खर्चिले. नग्न चित्रें तर इतरत्र फुकट मिळतात. मग येथें विकलें जातें तें काय? हा प्रश्न नीतीचा आहे, तितकाच वाङ्मयाचाहि आहे.

प्रथम ह्या पद्धतीच्या बाजूनें बोलणें न्याय्य होईल. मेरिलिन मन्रो हिनें १९४९ सालीं नग्न छायाचित्र काढूं दिलें, तेव्हां तिच्या हातीं ५० डॉलर पडले. तेंच चित्र ह्यू हेफ्नर ह्यानें ५०० डॉलरांस घेऊन डिसेंबर १९५३ मध्यें ‘प्लेबॉय’च्या पहिल्या अंकांत छापलें व त्यावर आपल्या मासिकाचा पाया घातला. ‘ओन्लीफॅन्स’ शंभरांतील वीस स्वतः ठेवून ऐंशी चित्र देणाऱ्या स्त्रीस देतें. हा पालट लहान नव्हे. तथापि दुकान तिचें असलें तरी जागा परक्याची आहे. ऑगस्ट २०२१ मध्यें बँकांच्या अडचणीमुळें अशा उघड चित्रांस बंदी करण्याचें चालकांनीं जाहीर केलें, आणि आठवड्याच्या आंतच तो बेत रहित केला. शेंकडों स्त्रियांच्या उपजीविकेचा निर्णय झाला व फिरला. त्यांना कोणीं विचारलें नाहीं.

परंतु आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. वर्गणीदार चित्रांपेक्षां खाजगी पत्रव्यवहारासाठीं अधिक पैसे मोजतो. ‘ती माझ्याशीं बोलते’ ही त्याची समजूत असते. वर्गणीदार वाढले कीं एवढीं उत्तरें एकट्या स्त्रीच्यानें लिहवत नाहींत. मग मध्यस्थ मंडळ्या पगारी लेखनिक ठेवतात, आणि कित्येकदां फिलिपाईन्ससारख्या दूर देशीं बसून ते तिच्या नांवानें प्रेमाचीं उत्तरें लिहितात.

आपल्याकडे टपालकचेरीबाहेर बसून निरक्षरांचीं पत्रें लिहून देणारा लेखनिक असे. तेथें अक्षर त्याचें असलें तरी भावना सांगणाऱ्याची असे. येथें अक्षर परक्याचें आणि भावनाहि परक्याची. नांव तेवढें तिचें. कादंबरीची नायिका कल्पित आहे हें वाचकास ठाऊक असतें, म्हणून तिच्यासाठीं गाळलेले अश्रु फसवणुकीचे ठरत नाहींत. पत्राचा करार वेगळा आहे: ज्याची सही, त्याचें मन.

नग्नतेचा निवाडा कायदा व धर्म करोत. वाङ्मयाच्या दृष्टीनें आमचें मागणें एवढेंच आहे कीं, प्रत्येक उत्तराखालीं खऱ्या लेखकाचा उल्लेख असावा. तसें झाल्यास ह्या व्यापाराचा मोठा भाग ओसरेल असें आम्हांस वाटतें; कारण तेथें येणारा पुष्कळसा गिऱ्हाईक विषयलोलुप असण्यापेक्षां एकाकी अधिक असतो. त्या एकाकीपणाची लाज मात्र त्याच्या एकट्याची नाहीं. त्याला बोलावयास माणूस न ठेवणाऱ्या समाजाचीहि आहे.