रडवणाऱ्या कादंबऱ्या आणि आपलं घर

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक ताई थांबल्या होत्या. वाचनालयातून नेलेली ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी अर्ध्यावरच परत केली होती. म्हणाल्या, “सर, घरात काय कमी आहे म्हणून पुस्तकातलं दुःख अंगावर घ्यायचं?” त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. ते काही बरोबर झालं नाही. आज उत्तर द्यायचा प्रयत्न करू.

प्रश्न तसा जुनाच. करुणरसापासून आनंद कसा होतो, यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली आहे. न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोदे साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. साध्या भाषेत सांगायचं, तर वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःला विसरत नाही. आम्ही ही उपपत्ती वर्गात वर्षानुवर्षं शिकवली. पण त्या ताईंपुढे ती तोकडी पडते. कादंबरीतलं घर आणि आपलं घर एकच निघालं, तर अंतर राखायचं कुठे? तिथे समाधी लागत नाही, खपली निघते.

हरिभाऊ आपट्यांनी ही कादंबरी १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः छापली. पत्राचं नाव करमणूक, आणि आत एका विधवेचं बळजबरीनं केलेलं केशवपन! यमू आपली कहाणी आपल्याच तोंडानं सांगते. तिच्या बोलण्यात घरातले टोमणे, धाक, दबलेले हुंदके असे येतात, की आपल्या घरातलीच कुणी बाई बोलतेय असं वाटतं. तिला छळणारे थोडे, बघत बसणारे फार. शीर्षकातला प्रश्न या बघणाऱ्यांनाच आहे, असं आम्हाला वाटतं. एक उणीव मात्र सांगायला हवी. शंकरमामंजी हरिभाऊंनी इतके ढोंगी आणि दुष्ट रंगवलेत, की वाचकाला निसटायला वाट मिळते. “आमच्याकडे असं कुणी नाही बुवा,” म्हणत आपण डोळे पुसतो आणि निवांत झोपतो.

सुमारे शंभर वर्षांनी आलेली शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ ही वाट बंद करते. रीटा घरातली थोरली मुलगी. शिक्षण संपतं न संपतं तोच घराचा भार तिच्यावर येतो, आणि एक दिवस तिचं मन कोलमडतं. इथे कुणी मामंजी नाहीत. तिचा पगार घरात येतो आणि सगळ्यांना त्याची सवय होते, एवढंच.

ही कादंबरी आम्ही पहिल्यांदा वाचायला घेतली, तेव्हा साठेक पानांवर मिटून ठेवली. कारण सांगायला आज लाज वाटते. आमच्या थोरल्या बहिणीच्या पगारावर आम्ही डॉक्टरेटपर्यंत शिकलो. तिचं लग्न राहून गेलं. ‘राहून गेलं’ हा आमच्या घरातला शब्द, तिचा नव्हे. तर सांगायचं हे, की आम्ही रीटाच्या भूमिकेत शिरलोच नाही. आम्ही सापडलो तिच्या जिवावर जेवणाऱ्यांच्या पंगतीत. केळकरांच्या उपपत्तीत याला जागा नाही. तिथे वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत आपणहून शिरतो. इथे मात्र कादंबरीच आपल्याला धरून भलत्याच पाटावर बसवते.

भिवंडीकरांना हे सांगायला नको. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला तो ऐकूच येत नाही. वीज जाते, माग थांबतात, आणि मग कळतं की इतका वेळ केवढा आवाज चालू होता! घरातल्या दुःखाचंही असंच होतं. चांगली कादंबरी घटकाभर माग थांबवते.

म्हणून अशा पुस्तकांची आमची कसोटी रडू येतं की नाही, ही नाही. नुसतं दुःखावर दुःख रचून रडवता कुणालाही येतं. तसं रडून झालं की आपण चांगले आहोत, अशी खात्री करून घेऊन उठतो. खरी कादंबरी ती खात्री काढून घेते, आणि छळणाऱ्यालाही माणूसच ठेवते.

ताई, आता तुमचं उत्तर. पुस्तक मिटलंत यात काही चुकलं नाही. दुःखाची पुस्तकं पुरी करण्यात पुण्य नाही. जी यमूच्याच जागी उभी आहे, तिला यमूचा धडा द्यायची गरज नाही. तिला हवी असेल तर सोबत मिळेल, नको असेल तर राहू दे. पण ते पुस्तक तुमच्या घरातल्या बाकीच्यांनी वाचायला हवं, असं आम्हाला वाटतं. परत केलंत ना, आता त्यांच्या नावावर घ्या.

आम्ही ‘रीटा’ पुरी केली, पण बहीण गेल्यानंतर. तिला विचारायचं होतं ते विचारायचं राहून गेलं. हा शब्द आता आमचा.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.