पी-वीचे खेळघर

एकेकाळी अमेरिकेत शनिवारची सकाळ मुलांच्या मालकीची असे. आईवडील अंथरुणात असताना मुले दूरचित्रवाणीसमोर ठाण मांडीत आणि मोठ्या वाहिन्या त्यांच्यापुढे व्यंगपटांची रास ओतीत. त्यांतील कित्येक व्यंगपट खेळणी खपविण्यासाठीच बेतलेले असत. या बाजारात १३ सप्टेंबर १९८६ रोजी सीबीएस वाहिनीवर ‘पी-वीज् प्लेहाउस’ अवतरले. करड्या रंगाचा आखूड सूट, लाल बो, पांढरे बूट, गालांवर लाली आणि चिरका आवाज, असे पी-वी हर्मन या नायकाचे ध्यान. तो मूल की प्रौढ, याचा उलगडा कार्यक्रमाने कधीच केला नाही, आणि मुलांनीही तो मागितला नाही.

हे पात्र पॉल रूबेन्स या नटाने लॉस एंजेलिसच्या एका विनोदी नाट्यसंघात घडविले. १९८१ मध्ये त्याने ते प्रौढांसाठीच्या रंगमंचीय प्रयोगात आणले, तर १९८५ मध्ये टिम बर्टनच्या चित्रपटातून ते घराघरांत पोहोचले. मुलांच्या दुनियेत पी-वी असा मागच्या दाराने आला. प्रौढांच्या विनोदाची छटा त्याच्या अंगावर शेवटपर्यंत राहिली. काही ठिकाणी ती खटकते, हे मान्य करायला हवे.

पण त्या घराची नवलाई काय वर्णावी! गॅरी पँटर या चित्रकाराच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या घरात खुर्ची मिठी मारी, पृथ्वीगोल बोले, खिडकी पाहुण्यांची वर्दी देई. फ्रिजमधले पदार्थ नाचत आणि भिंतीतल्या बिळात डायनासोरांचे कुटुंब नांदे. प्रत्येक भागात एक यंत्रमानव ‘गुप्त शब्द’ सांगे. त्या दिवसभरात तो शब्द कोणाच्याही तोंडून निघाला की घरातल्या सर्वांनी, आणि पडद्यापुढच्या मुलांनीही, जिवाच्या आकांताने ओरडायचे. एरवी ‘ओरडू नका’ हेच ऐकणाऱ्या मुलांना येथे ओरडणे हाच नियम होता. मला यात कार्यक्रमाचे खरे शहाणपण दिसते. त्या गोंधळाला शिस्त होती, आणि ती मुलांना पाळावीशी वाटे.

घरात येणारी माणसेही पाहण्यासारखी. काऊबॉय कर्टिस म्हणून लॉरेन्स फिशबर्न हा कृष्णवर्णीय नट येई. टपाल घेऊन येणारी रीबा साकारली एस. एपाथा मर्करसन हिने. वर्णभेदावर एक शब्दही न बोलता त्या घराने सर्वांना शेजारी करून टाकले. उपदेशाच्या दहा भागांनी हे साधले नसते.

पी-वी मात्र गुणी बाळ नव्हता. तो हट्टी, मत्सरी, प्रसंगी दुष्टही. १९८८ च्या नाताळच्या विशेष भागात तो सांताक्लॉजला इतकी लांबलचक यादी धाडतो की जगातील इतर मुलांसाठी भेटवस्तूच उरत नाहीत. हे कळल्यावर तो कुरकुरतो, घुटमळतो आणि अखेर आपला वाटा सोडून देतो. त्याची ती कुरकुर लपविली नाही, म्हणूनच तो त्याग मुलांना पटतो. नाताळच्या गोष्टींत इतका प्रामाणिक लोभ क्वचितच भेटतो.

या यशामागे एक अट होती. रूबेन्स चारचौघांत सहसा पी-वी म्हणूनच वावरे. मुलाखतीही त्याच वेषात देई. १९८८ मध्ये हॉलिवूडच्या पदपथावर जो तारा बसला, तोही पी-वीच्या नावाचा. मुलांच्या लेखी त्या सूटाच्या आत दुसरा कोणी नव्हताच.

जुलै १९९१ मध्ये फ्लोरिडातील सॅरासोटा येथे, प्रौढांसाठीचे चित्रपट दाखविणाऱ्या चित्रगृहात अश्लील वर्तन केल्याच्या आरोपावरून रूबेन्सला अटक झाली. लांब केस आणि दाढी असलेले त्याचे पोलिसी छायाचित्र देशभर झळकले. सीबीएसने पुनःप्रक्षेपण थांबविले, दुकानांतून बाहुल्या उतरविल्या गेल्या. या घटनेनेच कार्यक्रम बुडाला, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. पाच हंगाम आणि ४५ भागांनंतर नोव्हेंबर १९९० मध्येच नवे भाग संपले होते. थकलेल्या रूबेन्सने स्वतःच थांबायचे ठरविले होते. तोवर शेवटच्या हंगामांत पुनरावृत्तीही जाणवू लागली होती.

मग कोसळले ते काय? मुखवटा. नटाला चेहरा आहे हे प्रेक्षकांना आधी ठाऊक असते, तर त्या छायाचित्राने एका प्रौढाची नाचक्की झाली असती, एवढेच. येथे मात्र मुलांचा सवंगडीच पकडला गेला. ज्या पूर्णतेने पी-वी जिवंत झाला, त्याच पूर्णतेने तो मारला गेला. यात वृत्तपत्रांचा उल्हासही होताच. तो मात्र निव्वळ ओंगळ होता.

पुढे कार्यक्रमाला दाद परत मिळाली. २००६ मध्ये तो पुन्हा दाखविला गेला, २०१० मध्ये पी-वी ब्रॉडवेवर आला. शनिवारची सकाळ मात्र परतली नाही. केबल वाहिन्यांनी ती केव्हाच आठवडाभर पसरून टाकली होती. रूबेन्सची पाठ आरोपांनी सोडली नाही. २००२ मध्ये दुसरे, अधिक गंभीर प्रकरण उभे राहिले. २००४ मध्ये सौम्य गुन्ह्याच्या कबुलीनंतर त्यातील मुख्य आरोप मागे घेतला गेला.

३० जुलै २०२३ रोजी कर्करोगाने त्याचा अंत झाला. आजारही त्याने सहा वर्षे लपवून ठेवला होता. २०२५ मध्ये आलेल्या मॅट वुल्फच्या माहितीपटात तो आपल्या चेहऱ्याने सविस्तर बोलतो, तेही दिग्दर्शकाशी वाद घालीत, हातची सूत्रे न सोडता. शेवटी ऐकू येतो तो मृत्यूच्या आदल्या दिवशी ध्वनिमुद्रित केलेला त्याचा क्षीण आवाज : आपण जे नव्हतो त्याचा शिक्का बसणे किती यातनामय असते, हे तो सांगतो. त्या आवाजात पी-वीचा चिरकेपणा नाही.