‘पहिली’ विज्ञानकथा कोणाच्या मते? एका कोशनोंदीचं परीक्षण

एका ऑनलाइन विश्वकोशासाठी लिहिलेली ‘विज्ञानकथा’ ही नोंद मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आली होती. लिहिणारा मुलगा तरुण आणि मेहनती. नोंद चांगली होती हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता मी तिच्यातल्या खोडीच काढणार आहे.

आपल्याकडे परीक्षण म्हणजे काय, तर ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, तळटिपा मोजायच्या आणि ‘ठीक आहे’ असा शेरा मारायचा. मीही तसाच बसलो होतो. पण पहिल्याच परिच्छेदात अडकलो. मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ (१८१८) ही जगातली पहिली विज्ञानकथा, असं तिथे सरळ ठोकून दिलं होतं. खाली तळटीपसुद्धा होती. मग चूक कुठे? तर हे सिद्ध झालेलं तथ्य नाही, ते एक मत आहे. ब्रायन ऑल्डिसनं १९७३ साली ‘बिलियन इयर स्प्री’ या पुस्तकात ते मोठ्या आग्रहानं मांडलं. काही जण केप्लरच्या ‘सोम्नियम’पर्यंत मागे जातात. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ मध्ये छापलं गेलं. काही तर थेट दुसऱ्या शतकातल्या ल्यूशियनला गाठतात, कारण त्याचं जहाज चंद्रावर पोचतं! उलट काही म्हणतात, १९२६ साली गर्न्सबॅकनं ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिक काढलं, तेव्हा कुठे हा प्रकार वेगळा ओळखू यायला लागला.

म्हणजे बघा, प्रत्येक ‘पहिली’च्या पोटात एक व्याख्या दडलेली असते. गर्न्सबॅकला गोष्टीतून विज्ञान शिकवायचं होतं. डार्को सुविन म्हणतो, ओळखीचं जग अनोळखी वाटलं पाहिजे आणि त्यामागे तर्क पाहिजे. व्याख्या बदलली की पूर्वजही बदलतात. म्हणून मी समासात सालाची दुरुस्ती केली नाही, फक्त ‘कोणाच्या मते?’ एवढंच लिहिलं.

भारताचा भाग दोन ओळींत उरकला होता. जगदीशचंद्र बोस यांची केसांच्या तेलानं वादळ शमवणारी बंगाली गोष्ट, १८९६ची. रुकैया हुसैन यांची ‘सुलतानाज ड्रीम’, १९०५ची. तीही बंगालीच म्हटली होती. ती मुळात इंग्रजीत लिहिलेली आहे. ही चूक मात्र सरळ तथ्याची. दुरुस्त केली, विषय संपला.

खरी गोची मराठीच्या भागात झाली. तो सुरूच होत होता १९७४पासून. मराठी विज्ञान परिषदेची स्पर्धा, आणि जयंत विष्णु नारळीकरांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवलेली ‘कृष्णविवर’ कथा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी ती लिहून काढली होती. किस्सा झकास आहे आणि खुद्द नारळीकरांनीच तो सांगितलेला आहे. पण त्यावरून काय सिद्ध होतं? त्यांनी कथा कशी पाठवली, एवढंच. मराठी विज्ञानकथा तिथून सुरू झाली, हे त्यातून कसं निघेल? भा. रा. भागवतांचा ज्यूल व्हर्न कुठे गेला? अनंत अंतरकरांचं ‘नवल’ कुठे गेलं? नारायण धारपांना आपण भयकथेच्या कप्प्यात टाकून मोकळे होतो, पण त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या आहेत.

हे सगळं मी तावातावानं लिहून पाठवलं. मुलाचं उत्तर आलं, ‘‘सर, संदर्भ द्या, लगेच घालतो.’’

आता काय करता? या विश्वकोशाचा नियमच आहे, स्वतःचं संशोधन तिथे चालत नाही. शाळेत असताना वाचनालयातून आणून मी ‘नवल’ अधाशासारखं वाचलंय, हा काही संदर्भ नव्हे. जुना अंक दाखवला तर कथा छापली होती एवढं कळेल. तिचं महत्त्व काय, पुढच्या लेखकांवर तिचा परिणाम झाला का, हे कुणीतरी अभ्यास करून लिहिलेलं हवं. कपाटं उघडली. नारळीकरांवर भरपूर सापडलं. त्या आधीच्या मासिकांवर एक प्रस्तावना आणि दोन स्मरणलेख, तेही संपादकाच्या स्वभावाबद्दलचे!

मला आधी नियमाचा राग आला. पण नियम बरोबर आहे हो. तो नसता तर माझ्यासारख्या म्हाताऱ्यांनी आपापल्या आठवणी कोशात कोंबल्या असत्या. दोष आमचा आहे. आम्ही समीक्षक म्हणवणारे ही रंजक मासिकं चवीनं वाचत होतो आणि लिहीत होतो मात्र नवकथेवर. त्या मुलानं शेवटी ‘सुरुवात’ हा शब्द काढला आणि १९७४नंतर या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली, असं केलं. मी संमती दिली. भागवतांबद्दल एक वाक्य आलं. ‘नवल’ अजूनही बाहेरच आहे.

माझ्याकडे ‘नवल’चे सात अंक आहेत. दोनांची मुखपृष्ठं गेलीत, एकाला वाळवी लागलीय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर असतील, तर चहाच्या वेळी मला भेटा. रद्दीत घालू नका.